चौकशीची रंगीत तालीम

काही माणसांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं, की यांना कोणीही गुंडाळावं. या चौकशी अधिकाऱ्याचा चेहरा तसा होता, आणि ते राज्य शासनाला परवडण्यासारखं नव्हतं, कारण गुंडाळणाऱ्यांना पकडणं हेच त्याचं काम. कुठल्याही नगरपालिकेत शिरावं, जाब विचारावा, तिची मालमत्ता जिथे असेल तिथून ताब्यात घ्यावी आणि वेळ पडलीच तर अख्ख्या पालिकेला कोर्टात उभं करावं, एवढे अधिकार कायद्यानं त्याच्या हातात दिले होते. हात मात्र असे, की समोर कोणी दिसलं की आधी जोडले जायचे. खात्यात त्याला सगळे बिचारेसाहेब म्हणत. आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

आजवर त्यानं तीन पालिकांची चौकशी केली आणि तिन्ही ठिकाणांहून ‘सर्व काही ठीक’ असा अहवाल आणला. एका गावात नगराध्यक्षांच्या गुडघेदुखीची कहाणी ऐकून त्याचे डोळे भरून आले आणि चौकशी राहूनच गेली. दुसऱ्या गावात तर तो सार्वजनिक बागेचं उद्घाटन करून आला. नंतर कळलं की बाग नव्हतीच, नुसती फीत होती.

“या वेळीही सगळं ठीक निघालं,” त्याच्या खात्याच्या संचालकबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “तर मी तुम्हाला कायमचं अभिलेखागारात बसवीन. कपाटांची चौकशी करा. ती तरी तुम्हाला फसवणार नाहीत.”

प्रकरण असं होतं. एका गावात एका शिंपीणबाईंचं दुकान भर दुपारी जळून खाक झालं आणि पालिकेचा अग्निशामक बंब आलाच नाही. बाईंनी तक्रार केली. पालिकेनं कळवलं, की बंब उत्तम स्थितीत आहे, केव्हाही येऊन पाहावा. गुरुवारी पाहायला येतो, असं खात्यानं उलट कळवलं. चोराला धाडीची वेळ कळवायची, ही सरकारी सभ्यता आपल्याकडे फार जुनी आहे.

बिचारेसाहेबांची बायको शाळेत खेळ शिकवायची आणि शिट्टी न वाजवता मैदान गप्प करायची. तिनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“गुरुवारी तुझ्यासाठी सगळं सजवून ठेवतील. तू बुधवारीच जा. आणि बाबांचा कोट घाल, जरा वजन दिसू दे.”

“कोट मला मोठा होतो गं.”

“मग त्यात मोठा हो.”

सासरेबुवा अंगानं भरभक्कम होते. त्यांच्या कोटात बिचारेसाहेब भाड्यानं राहायला आल्यासारखे दिसत होते. तशाच अवतारात बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ते पालिकेच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, “नमस्कार. मी राज्य शासनाचा चौकशी अधिकारी.”

समोरच्या टेबलावरचे हेडक्लार्क ताडकन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटका होती.

“आलात का! आम्ही केव्हाची वाट बघतोय. मावशी, आला बरं का आपला माणूस!”

आतल्या खोलीतून नगराध्यक्षा आल्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं आणि त्या सगळ्या गावाला अरेतुरे करायच्या. त्यांनी पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“कोट कंपनीचा का रे? जरा मापाचा तरी द्यायचा.”

इथे काय घोळ झाला होता ते सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचाही मामा व्हायचा. मावशी कुठलंही काम तालमीशिवाय करत नसत. शासनाचा माणूस गुरुवारी येणार म्हणून त्यांनी बुधवारी रंगीत तालीम ठेवली होती, आणि चौकशी अधिकाऱ्याचं काम करायला शेजारच्या शहरातल्या नाटक कंपनीचा एक नट बोलावला होता. वेळ दिली होती सकाळी अकराची. नट बसमध्ये झोपला आणि चार गावं पुढे गेला. अकरा वाजता उगवला तो खरा अधिकारी.

“तुमचा काहीतरी गैरसमज होतोय,” बिचारेसाहेब म्हणाले. “मी खरंच चौकशी अधिकारी आहे.”

हेडक्लार्कांनी टाळ्या वाजवल्या. “वा! आल्या आल्या भूमिकेत!”

बिचारेसाहेबांनी ओळखपत्र काढून दाखवलं. मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “कार्डसुद्धा केलंय! फोटो मात्र रडका काढलाय बाबा. शासनाचा माणूस असा दिसतो होय?”

तिसऱ्यांदा त्यांनी “कृपया माझं ऐका” अशी सुरुवात केली, तेव्हा मात्र मावशी वैतागल्या.

“हे बघ, तुझं काम कच्चं आहे. ‘कृपया’ कुठून आणलंस? राज्य कधी कृपया म्हणतं का? आणि ते हात खाली कर आधी. नमस्कार आम्ही करायचा, तू नुसती मान हलवायची, तीही अर्धी. बरं, आल्यावर पहिलं काय विचारशील?”

बिचारेसाहेबांनी विचार केला. “कार्यालयाची वेळ काय, असं विचारीन.”

“अरे देवा! वेळ काय विचारतोस, आम्ही काय बँक आहोत? थेट विचारायचं, बंब कुठाय? चालवून दाखवा! आणि मग म्हणायचं, बॉनेट उघडा. तिथेच आमची खरी परीक्षा आहे. तेवढं चार वेळा घासून घ्यायचंय.”

खोटं बिचारेसाहेब एका अक्षरानं बोलले नव्हते. खरं तीनदा सांगून झालं होतं आणि तीनदा त्याला दाद मिळाली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना चौकशी कशी करावी हे शिकवत होतं, तेही ज्यांची चौकशी करायची तेच. अशी शिकवणी खात्यात कुठे मिळणार? त्यांनी हात खाली केले.

“बंब कुठाय?” त्यांनी विचारलं.

“आवाज पोटातून काढ!”

“बंब कुठाय?”

“हं. आत्ता कुठे जरा खात्याचा वास यायला लागला.”

पालिकेची इमारत उताराच्या पायथ्याशी होती आणि बंबाची शेड उताराच्या मध्यावर. सगळी मंडळी पायऱ्यापायऱ्यांच्या रस्त्यानं वर गेली. शेडमध्ये लालभडक बंब उभा होता, शिडीबिडी सगळी जागच्या जागी. ड्रायव्हर फडक्यानं आरसा पुसत होता. मावशींनी बोट वर करताच तो आत चढून बसला, कोणीतरी भिंतीमागे उभ्या असलेल्या ट्रकचं इंजिन घुरघुरवलं, ड्रायव्हरनं ब्रेक सोडला आणि बंब भोंगा वाजवत असा काही दिमाखात खाली गेला, की बिचारेसाहेबांच्या तोंडून “छान!” निघून गेलं.

“छान नंतर!” मावशी ओरडल्या. “आधी संशय!”

खाली पालिकेच्या फाटकाशी बंब थांबला. बिचारेसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे बॉनेट उघडायला सांगितलं. ड्रायव्हरनं खिसे चाचपले, चावी हरवल्याचा आव आणला, पायदान उचलून पाहिलं. ते इतकं वाईट झालं, की मावशींनी त्याला दोनदा परत करायला लावलं. तिसऱ्यांदा बिचारेसाहेब म्हणाले, “नाही, खरंच उघडा. आत काय आहे ते मला माहीत नको का? नाहीतर संशय घेऊ कशाचा?”

हे मावशींना पटलं. बॉनेट उघडलं. आत ड्रायव्हरचा डबा होता, एक छत्री होती आणि जुन्या गोणपाटावर एक मांजर आपल्या पिल्लांसकट गाढ झोपलं होतं. इंजिन नव्हतं.

“इंजिन कुठंय?”

सगळे खदाखदा हसले. हेडक्लार्कांनी डोळे टिपत खुलासा केला. पलीकडच्या गल्लीत मावशींच्या धाकट्या भावाचा बर्फाचा कारखाना होता. त्याचं इंजिन बिघडलं, म्हणून बंबाचं इंजिन तात्पुरतं तिकडे बसवलं. सरकारी कारभारात तात्पुरत्या गोष्टीला मरण नसतं. गावाच्या मावशीचा भाऊ म्हणून तो गावाचा मामा झाला होता, आणि मामा त्यानं गावाला बनवलं होतं. आग विझवायचं इंजिन गेली काही वर्षं धडधडत बर्फ काढत होतं.

“आणि आग लागली तर?” बिचारेसाहेबांनी विचारलं.

हसू ओसरलं. ड्रायव्हर बॉनेटच्या कडेवरचा नसलेला डाग पुसायला लागला.

“लागली होती ना,” तो खालमानेनं म्हणाला. “शिंपीणबाईंच्या दुकानाला. आम्ही सहा-सात जणांनी ढकलून पाहिला, साहेब. बंब हलला, पण चढेना. दुकान वरच्या आळीत होतं.”

“आता बघा,” हेडक्लार्क समजुतीनं म्हणाले, “बंब उताराकडे व्यवस्थित जातो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आग चढावर लागली, यात पालिकेचा काय दोष?”

हे वाक्य उद्याच्या खऱ्या साहेबासाठीच तयार केलेलं होतं आणि हेडक्लार्कांना त्याचा भारी अभिमान होता. मागच्या तीन गावांत आपण काय काय पाहिलं नसेल, या विचारानं बिचारेसाहेबांना मात्र लाज वाटली. चांगली कान लाल होईपर्यंत लाज वाटली.

तेवढ्यात फाटकाशी एक मोटार थांबली आणि तीतून एक धिप्पाड गृहस्थ उतरले. मिशा, मापाचा कोट, हातात छडी. रस्त्यात कोणाची तरी मोटार थांबवून ते आले होते, आणि उशिराची भरपाई अभिनयानं करायची असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

“इथे जबाबदार कोण आहे?” ते गरजले. “राज्य शासनाचा चौकशी अधिकारी दारात उभा आहे आणि स्वागताला एक माणूस नाही?”

फाटकावरची चिमणी उडाली. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. साधा हिशेब होता. आपला नट तर कधीच आला. मग हा कोण? हा खरा! मेला एक दिवस आधी आला!

“याला लपव,” त्यांनी दातांतल्या दातांत हेडक्लार्कांना सांगितलं, आणि हेडक्लार्कांनी राज्य शासनाच्या चौकशी अधिकाऱ्याला दंडाला धरून आत नेलं, जुन्या दफ्तराच्या खोलीत ढकललं आणि दार लोटून घेतलं.

आत अंधूक उजेड होता. छतापर्यंत कपाटं, त्यांच्यावर कपाटं, आणि सगळ्यांवर धूळ. बिचारेसाहेब दोन कपाटांच्या मध्ये अंग चोरून उभे राहिले. संचालकबाईंनी सांगितलेलं भविष्य हेच, फक्त बदलीचा हुकूम निघायच्या आधीच आपण जागेवर रुजू झालो, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना हसू आलं आणि ते लगेच गेलं. दाराच्या फटीतून फाटक दिसत होतं. त्यांनी डोळा लावला.

बाहेर तालमीसाठी भाड्यानं आणलेल्या ट्रकला बांधून बंब परत वर ओढण्याची धांदल उडाली. तोवर मिशीवाल्या साहेबांना पाठ फिरवून बसवलं गेलं, त्यांच्यासमोर चहा-बिस्किटं आली, गुलाबांचा गुच्छ आला. नट खूश झाला. तालीम इतकी कसून घेणारी पालिका त्यानं पाहिली नव्हती. त्यानं गरजायचं तिथे गरजून घेतलं, मग बंब भोंगा वाजवत आला, ड्रायव्हरनं चावी शोधली, आणि नटानं संहितेत होतं तसं चावीचं प्रकरण उदार मनानं सोडून दिलं. छडी वर करून तो म्हणाला, “पालिकेचा कारभार पाहून राज्य शासन अत्यंत समाधानी आहे!”

मावशींनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की तो दफ्तराच्या खोलीतही ऐकू आला.

आणि मग शिंपीणबाई आल्या. साहेब आल्याची बातमी वरच्या आळीपर्यंत पोचली होती. दुकान जाऊन महिने झाले तरी मोजपट्टी त्यांच्या गळ्यातच होती, सवयीनं घालत असाव्यात. त्या सरळ नटासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, तक्रार मी केलीय. माझी दोन्ही मशिनं जळाली. लोकांचे कपडे जळाले. मी स्वतः धावत आले होते बंब बोलवायला. हे सगळे इथेच होते. विचारा यांना.”

नट गोंधळला. हा प्रवेश त्याला कोणी सांगितला नव्हता. त्यानं मावशींकडे पाहिलं, मावशींनी हात जोडले, आणि त्यानं सुचेल तसं सांभाळून घेतलं.

“बाई, बंब उत्तम आहे. मी जातीनं पाहिला.”

शिंपीणबाई ओरडल्या नाहीत.

“म्हणजे माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “दुकान खालच्या आळीत थाटायला हवं होतं.”

त्या वळल्या. बिचारेसाहेबांना फटीतून त्यांची पाठ दिसली आणि मानेवरून लोंबणारं मोजपट्टीचं टोक दिसलं. आपण दिलेल्या तिन्ही अहवालांनंतर अशीच कोणाची तरी पाठ वळली असेल, आणि ती पाहायला आपण तिथे नव्हतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी दार ढकललं.

“बाई, थांबा. तुमचा जबाब मी घेतो.”

आवाज पोटातून आला नव्हता. नेहमीसारखाच मऊ होता. मावशींनी त्यांच्याकडे असे डोळे वटारले, की दुसरा कोणी तिथेच विरघळला असता.

“हा आमचा एक वेडसर नातेवाईक आहे, साहेब,” त्या नटाला म्हणाल्या, आणि मग कुजबुजल्या, “आत हो मेल्या! तालीम संपली!”

“संपली ना, मावशी,” बिचारेसाहेब म्हणाले. “म्हणूनच बाहेर आलो. हे गृहस्थ नट आहेत. विचारा त्यांना.”

नटानं छडी काखेत घेतली. “म्हणजे काय! नाटक कंपनीतून आलोय. जरा उशीर झाला, माफी असावी. का, काम आवडलं नाही?”

बॉनेटमधलं मांजर तेवढं म्यांव म्हणालं. मावशी एकदा मापाच्या कोटाकडे बघत, एकदा ढगळ कोटाकडे. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या. बिचारेसाहेबांनी पिशवीतून कोरी नोटीस काढली. बंबाचं इंजिन खाजगी कारखान्याला दिलं, गावाला आगीच्या तोंडी दिलं आणि शासनाला खोटं कळवलं, याबद्दल पालिकेवर खटला का भरू नये याचं उत्तर द्यावं, एवढं त्यांनी तिथेच उभ्यानं लिहिलं, सही केली आणि ती मावशींच्या हातात दिली. हात जोडले नाहीत.

“अरे, मी तुला शिकवलं!” मावशी म्हणाल्या. त्यांचा राग खरा होता आणि दुःखही खरं होतं. “पोटच्या पोरासारखं शिकवलं!”

“हो. अहवालात तसं लिहीन,” बिचारेसाहेब म्हणाले, आणि त्यांना तसं खरंच लिहायचं होतं.

मग ते शिंपीणबाईंकडे वळले आणि वही उघडली. पण बाई दोन पावलं मागे सरकल्या.

“तुम्ही तरी खरे कशावरून?”

बिचारेसाहेबांनी ओळखपत्र पुढे केलं.

“कार्ड काय, उद्या मीही शिवून आणीन,” बाई म्हणाल्या. “आत्ताच एका साहेबानं मला बंब उत्तम आहे म्हणून सांगितलं. त्याच्या मिशा तुमच्यापेक्षा चांगल्या होत्या. मला आता कोणाला काही सांगायचं नाही.”

सगळी पालिका बिचारेसाहेबांना तीनदा खोटं ठरवून हसली होती तेव्हा त्यांना एवढं लागलं नव्हतं. बाईंचं म्हणणं रास्त होतं. खरा अधिकारी कसा ओळखायचा? बोलण्यावरून नाही, कागदावरून नाही. पलीकडच्या गल्लीतून धडधड ऐकू येत होती. ते तिकडे चालायला लागले.

ड्रायव्हर त्यांच्यामागे निघाला. मग हेडक्लार्क, मग मावशी, मग प्रवेश संपला तरी रंगमंच न सोडवणारा नट, आणि सगळ्यांच्या मागे, अंतर राखून, शिंपीणबाई. बर्फाच्या कारखान्याच्या दारात मामा आडवे आले. आत ओल्या फरशीवर लाद्या रचल्या होत्या आणि कोपऱ्यात इंजिन चालू होतं. वरून पांढरा रंग मारला होता, खालचा लाल लपला नव्हता.

“मशीन बंद केलं तर सगळा माल वितळेल,” मामा म्हणाले. “मी वरपर्यंत जाईन. मंत्र्यांपर्यंत माझी ओळख आहे.”

बिचारेसाहेबांचे हात जोडले जायला निघाले होते. कोटाच्या बाह्या लांब होत्या म्हणून ते कोणाला दिसलं नाही.

“जा तुम्ही,” ते म्हणाले. “ही पालिकेची मालमत्ता आहे. कायद्यानं मी ती ताब्यात घेतोय. बाजूला व्हा.”

‘कृपया’ म्हणायचं राहून गेलं हे त्यांना नंतर रात्री जेवताना आठवलं. मामा बाजूला झाले. कसे झाले, हे त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. बिचारेसाहेब इंजिनापाशी गेले आणि तिथेच अडले, कारण ते बंद कसं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“ती डावीकडची दांडी, साहेब,” ड्रायव्हर मागून म्हणाला. “खाली ओढा. जरा जड आहे, आधीपासूनच.”

त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून खाली ओढली. इंजिनानं दोन आचके दिले आणि ते थांबलं. गावाला त्या धडधडीची इतकी सवय झाली होती, की ती थांबल्यावर गल्लीतली माणसं काय झालं म्हणून घराबाहेर आली. लाद्यांवरून पाणी ठिबकायला लागलं.

शिंपीणबाई दारातून आत आल्या. त्यांनी बंद पडलेल्या इंजिनावर हात ठेवून पाहिला. ते अजून गरम होतं. मग एक रिकामं खोकं ओढून त्यांनी बिचारेसाहेबांसमोर ठेवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसल्या.

“बसा साहेब,” त्या म्हणाल्या. “आता लिहून घ्या.”